रजेवर जातो, साहेब

"सुट्टीवर आलायस का रे?" असं कुणी विचारलं की अजून माझं टाळकं सरकतं. विचारणारा बिचारा चांगल्या मनानेच विचारतो. पण बोटीवरच्या माणसाला सुट्टी नसते, हे मला अंधेरीच्या एका थंडगार ऑफिसात खुर्चीवर बसवून, चहा मागवून ऐकवलं गेलं. ऐकवलं माझ्या सारंगाला, मी बाजूला होतो. त्या दिवसाचा राग मी अजून उतरू दिलेला नाही. मुद्दामच.

सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. आमचा सारंग माझ्याच गावचा, मालवणच्या खालच्या अंगाला खाडीकाठचा. माझी शाळा सातवीत सुटली. हायस्कूल खाडीपलीकडे, तरीला रोज पैसे कोण देणार, आणि बापाला दम्याने अंगणापलीकडे जाता येईना. सारंग तेव्हा गावी आला होता. आईने मला त्याच्यापुढे उभं केलं आणि म्हणाली, "ह्येका खंय तरी लावा. घरात ऱ्हवलो तर आमी सगळीच उपाशी मरतलंव." त्याने मला मुंबईला आणलं, वय भरेपर्यंत भांडुपच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कपबश्या धुवायला लावलं, आणि वय भरल्यावर आपल्या टोळीत खलाशी म्हणून घेतलं. पहिल्या वादळात मी आतडी बाहेर येईपर्यंत ओकलो, तेव्हा माझं कपाळ धरून तोच उभा होता. "ओक झिला," म्हणाला, "समुद्राक आपला देणा द्यावचाच लागता."

हे सगळं सांगतोय कारण मी त्या माणसाचा ऋणी आहे. आणि खरं सांगायचं तर मी कंपनीचाही ऋणी होतो. साहेबांचाही. गावाकडे मनिऑर्डर पोचली की मला वाटायचं, आपण कोण, आपली लायकी काय, तरी ह्या लोकांनी आपल्याला ठेवलंय. आम्हाला उपकार मानायची सवय होती, आणि त्यांना आमची ती सवय ठाऊक होती.

भांडुपच्या टेकडीवर आमच्या गावाची खोली होती. भिंतीला लागून ट्रंका, ट्रंकांवर वळकट्या, आणि ज्याला बोट मिळालेली नाही तो प्रत्येक जण कंपनीच्या तारेची वाट बघणारा. सारंगाचं बिऱ्हाड दोन चाळी सोडून. तिथे काकी, म्हणजे त्याची बायको, आम्हा सगळ्यांना रविवारी कालवण घालायची आणि शिव्याही.

आमची पद्धत अशी होती. वर्षभराचा करार संपला, बोट मुंबईला लागली, की सरकारी कचेरीत 'साइन ऑफ' व्हायचं, म्हणजे बोटीवरून सुटल्याची नोंद करायची. मग दुसऱ्या दिवशी सारंग पांढरा शर्ट इस्त्री करून घालायचा आणि आम्हाला मागे घेऊन कंपनीच्या ऑफिसात जायचा. माणसं भरण्याचं काम बघणारे एक साहेब होते, मराठी, मुलुंडला राहणारे, बोलायला गोड. त्यांच्या टेबलासमोर उभा राहून सारंग म्हणायचा, "रजेवर जातो, साहेब."

साहेब म्हणायचे, "या, सारंग. तार करू."

एवढंच. पण हे झाल्याशिवाय सारंग गावची गाडी धरायचा नाही. देवळातून निघताना घंटा वाजवतात तसं.

मग आम्ही 'रजेवर'. कधी दोन महिने, कधी आठ. पगार नाही. पण आमच्यातला एकही जण दुसऱ्या कंपनीच्या दारात गेला नाही. एकदा एक एजंट टेकडी चढून आला, जास्त पैसे देतो म्हणाला. सारंगाने त्याला पाणी पाजलं आणि वाटेला लावलं. "मी रजेवर आसंय. नोकरीत आसताना दुसऱ्याचा काम करूक मी काय चोर?" ह्या रजेतच कंपनी निरोप धाडायची, "बोट गोदीत आलीय, रंगाला माणसं बघा." सारंग माणसं बघायचा. साहेबांनी मुलुंडला नवा ब्लॉक घेतला तेव्हा लोखंडी कपाट आणि बाईंचं शिलाई मशीन आम्हीच जिन्याने वर चढवलं. लिफ्टमध्ये कपाट बसेना. बाईंनी सरबत दिलं. साहेब म्हणाले, "आपलीच माणसं आहेत." मला तेव्हा छाती फुगल्यासारखं झालं होतं.

तेव्हा गिरण्यांचा संप होऊन गेला होता. चाळीतले निम्मे पुरुष घरी बसलेले, कुणी भाजी विकत होता, कुणी सिक्युरिटीत लागला होता. ते सारंगाला म्हणायचे, "तुझं बरं आहे यार, तुझी नोकरी पक्की." आणि सारंग खिशातून आपलं पुस्तक काढून दाखवायचा. प्रत्येक खलाशाकडे असतं ते. कुठल्या बोटीवर कधी चढला, कधी उतरला, सगळे शिक्के त्यात. जुने लोक ते पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवायचे म्हणून आम्ही त्याला नळीच म्हणायचो. सारंगाला वाचता येत नव्हतं, पण वरचा पहिला इंग्रजी शब्द त्याला कुणीतरी कधीकाळी सांगितला होता. त्यावर बोट ठेवून तो म्हणायचा, "कंटिन्युअस. सरकारान लिवन दिलाला आसा. माझी सर्विस कंटिन्युअस." गिरणीवाले ते हातात घेऊन शिक्के बघायचे.

मग एका वर्षी मेडिकलला डॉक्टरने सारंगाचा गुडघा दाबून बघितला, डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाला, "बस झालं आता. आराम करा." अनफिट.

सारंगाला त्याचं फार काही वाटलं नाही. वय झालंच होतं. त्याच्या हिशोबी आता नोकरीतून निवृत्त व्हायचं, फंड तर हातात येईलच, शिवाय इतक्या वर्षांची ग्रॅच्युटी आणि कंपनी देईल ते पेन्शन. ह्यावर त्याची आणि काकीची म्हातारपणाची भाकर होती. मूलबाळ नव्हतं. गावच्या घराच्या छपराचं एक पाखं पडलेलं होतं ते बांधून तिकडे जायचं, एवढा बेत.

काकीचा बेत जरा मोठा होता. शेजारचा एक जण मुलुंडच्या कारखान्यातून रिटायर झाला तेव्हा त्याला सोबतचे लोक टॅक्सीतून चाळीपर्यंत सोडायला आले होते. गळ्यात हार, हातात नारळ, शाल, भिंतीवरचं घड्याळ. काकीने स्वतः त्याला ओवाळलं होतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात होतं, ह्यांचंपण असंच व्हायला पाहिजे.

सारंग मला म्हणाला, "तू चल रे ऑफिसात. काय कागदबिगद दिल्यानी तर वाच." सातवी म्हणजे आमच्यात बॅरिस्टर. निघताना काकीने माझ्या हातात पैसे कोंबले. "थयले लोक हार घालतलेच. पण समजा इसारले, तर तुझ्याकडे एक ऱ्हवांदे. हार नसलो तर माका मान वर करून चलूक येवचा नाय चाळीत."

अंधेरी स्टेशनबाहेर मी झेंडूचा हार घेतला, मधे निशिगंध घातलेला. पानात गुंडाळून पिशवीत ठेवला. सारंगाने बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

ऑफिस नुकतंच फोर्टातून अंधेरीला हललं होतं. काचेची दारं, गार हवा. आत शिरल्या शिरल्या टेबलावर काचेच्या पेटीत आमच्या बोटीचं मॉडेल ठेवलेलं. तीच बोट, जी आम्ही किती वेळा खरवडून रंगवली होती. क्रेन होत्या, साखळ्या होत्या, शिड्या होत्या. सारंग वाकून बराच वेळ बघत राहिला.

"सगळा बरोबर केलानी," म्हणाला. "माणूस तेवढो एक नाय."

साहेबांनी उठून नमस्कार केला, बसायला सांगितलं, चहा मागवला. सारंग बसला नाही. आधी शर्ट ओढून नीट केला, आणि नेहमीच्या जागी उभा राहून म्हणाला, "रजेवर जातो, साहेब. ह्या वेळी कायमचा."

साहेब हसले. मग म्हणाले, "कुठून?"

सारंगाला वाटलं ऐकू आलं नाही. "रिटायर होतोय, साहेब. डॉक्टरांनी…"

"ते कळलं मला. वाईट वाटलं. पण सारंग, तुम्ही बसा आधी." तो बसला. "असं आहे बघा. तुम्ही गेल्या पावसाळ्याच्या आधी साइन ऑफ झालात. तुमचा करार तिथेच संपला. त्यानंतर तुमचा आणि कंपनीचा संबंध नाही. मग तुम्ही रिटायर कुठून होणार? रिटायर व्हायला माणूस नोकरीत असावा लागतो."

"मी रजेवर होतो, साहेब. तुम्हाला सांगून गेलो होतो."

"रजा कायम नोकराला असते. तुम्ही घरी होता."

"तीस-बत्तीस वर्षं मी ह्याच कंपनीत…"

"तशी ती बत्तीस वर्षं नाहीत ना," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "अकरा महिने, मग नवा करार. दहा महिने, मग नवा करार. प्रत्येक वेळी पहिल्यापासून. कागदावर बघायला गेलं तर शेवटच्या खेपेलाही तुम्ही नवीनच होता."

नवीन. मी सारंगाकडे बघितलं. त्या माणसाच्या उजव्या हाताची दोन बोटं ह्याच कंपनीच्या दोराने नेली होती. तो नवीन.

सारंगाने हळूच नळी काढली. टेबलावर ठेवली आणि नेहमीसारखं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. "हे बघा की, साहेब. सरकारी आहे. कंटिन्युअस."

साहेबांना खरंच हसू आलं. वाईट हसू नव्हतं, लहान मुलाच्या बोलण्यावर येतं तसं होतं, आणि त्यानेच माझं रक्त उकळलं. "अहो सारंग, पुढचा शब्द वाचा ना. कंटिन्युअस डिस्चार्ज. डिस्चार्ज म्हणजे सोडून देणं. तुम्हाला प्रत्येक वेळी सोडलं, त्याचा हा सलग दाखला आहे. सर्विसचा शब्द नाही त्यात कुठे."

आयुष्यभर हा माणूस एक शब्द छातीशी धरून हिंडला. आणि तो शब्द त्याच्या काढून टाकण्याचा होता. सारंगाने बोट उचललं नाही. जणू उचललं तर अक्षरं उडून जातील.

मी घाबरट माणूस. पण त्या वेळी माझ्या तोंडून निघून गेलं, "मग मुलुंडला कपाट चढवलं तेव्हा आम्ही कोण होतो, साहेब? तेव्हापण घरीच होतो."

टेबलाखाली सारंगाचा पाय माझ्या पायावर आला, जोरात. "गप रव," तो तोंड न हलवता पुटपुटला. "तुझी तार येवची आसा."

साहेब माझ्याकडे न बघता सारंगाला म्हणाले, "ते तुम्ही प्रेमाने केलंत. आणि आम्ही ते विसरलेलो नाही." त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "फंड तुम्हाला मिळेलच, तो तुमचाच आहे. शिवाय कंपनी स्वतःहून काहीतरी देतेय. बक्षीस म्हणून. इथे अंगठा करा."

"वाच रे," सारंग म्हणाला.

मी अडखळत वाचलं. सगळं कळलं नाही, पण जेवढं कळलं तेवढं पुरे होतं. आपण कायम नोकर नव्हतो, मागची सगळी कामं वेगवेगळी होती, ग्रॅच्युटी नाही, पेन्शन नाही, आणि पुढे कधीही काही मागणार नाही. ह्या सगळ्याला कबूल, असा तो अंगठा.

सारंगाने ऐकून घेतलं. "बक्षीस हॉटेलातल्या पोऱ्याला देतात, साहेब," तो म्हणाला. "मी सारंग आहे. माझा हक्काचा काय आहे तो द्या."

"हक्क नोकराला असतो. मी तेच तर सांगतोय मघापासून."

"मग ऱ्हवांदे."

तो उठला. नळी खिशात घातली. चहा तसाच. साहेब मागून म्हणत होते, "असं रागावू नका, विचार करा, कागद इथेच आहे," आणि त्यांचा आवाज तेवढाच गोड होता. मला आयुष्यात एवढा गोड आवाज एवढा घाणेरडा कधी लागला नव्हता.

दारापाशी मॉडेलच्या पेटीसमोर सारंग थांबला. "हार आणलंस मा?"

मला वाटलं तो गळ्यात घालून घेणार. काकीसाठी. मी पान सोडून हार काढला.

"घाल," तो पेटीकडे मान करून म्हणाला.

मला समजेना. मग समजलं. मी तो हार काचेच्या पेटीवरून बोटीला घातला, आणि दोन्ही बाजूंनी सारखा केला, आपण फोटोला घालतो तसा. घरात ज्याचा फोटो असा असतो तो कोण असतो, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. आतला शिपाई धावत आला. "ओ काका, हे काय करताय? कसलं अभद्र दिसतंय ते. काढा आधी."

"दिसांदेत," सारंग म्हणाला. "मी जिच्यावर नव्हतंयच, तिका घातलंय. माझो काय संबंध?"

आणि तो जिना उतरला. शिपायाने हार काढला असणारच. पण त्याला हात लावायला तो जरा कचरत होता, एवढं मी बघितलं.

परतीची बस आरेच्या कडेने जात होती. पुढे एक ट्रक होता, त्यात दावणीला बांधलेल्या म्हशी. चढावर ट्रक आणि मागे आमची बस, दोन्ही रखडत. सारंग खिडकीतून बघत होता.

"आटलेली जनावरां खंय नेतत रे हे?"

"देवनारच्या कत्तलखान्यात, काका."

"म्हणजे तेंका तरी सांगतत, खंय ता." आणि तो हसला. मला हसता येईना.

चाळीच्या तोंडाशी काकी नव्या लुगड्यात उभी, हातात तबक, मागे चारसहा बायका. टॅक्सी नाही हे तिने बघितलं. मग गळा बघितला.

"हार खंय?"

"बोटीक घातलो."

तिला सगळं सांगायला लागलं नाही, निम्मं तिला कळलं असावं. निरांजन तिने फुंकलं, तबक खाली ठेवलं, आणि मग त्या कंपनीला, साहेबाला, साहेबाच्या कपाटाला आणि सरबताला अशा काही शिव्या घातल्या की टेकडीवरचे गिरणीवाले बाहेर आले. पहिल्यांदा त्या लोकांनी सारंगाकडे आपल्यातला म्हणून बघितलं. एकाने नुसती तंबाखू पुढे केली.

कारखान्यातून रिटायर झालेल्या त्या शेजाऱ्याने सारंगाला युनियनवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, केस करता येईल, पण वेळ लागेल, आणि कंपनी म्हणणार तेच, सर्विस तुटक. सारंगाने तरी केस केली. फंड आला, तो घराच्या पाख्याला आणि काकीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला लागला, बसून खायला काही उरलं नाही. सारंग गावी गेलाच नाही. दिंडोशीला तेव्हा नव्या वसाहती उभ्या राहत होत्या, तिथे एका इमारतीवर वॉचमन लागला. तिथेही ठेकेदार अकरा महिन्यांवरच ठेवणार. पहिल्याच दिवशी सारंग त्याला म्हणाला, "सोडताना आदल्या दिवशी सांगा. आमच्याकडे ओवाळतात." ठेकेदाराला वाटलं म्हातारा सरकलेला आहे.

तार माझी आली. माझं त्या दिवशीचं तोंड साहेब विसरले असतील असं मला वाटलं नव्हतं, पण बोटीला माणसं लागत होती. मी गेलो. आईला माझ्या मनिऑर्डरीशिवाय दुसरं काही नव्हतं. वर्षभर मी त्या बोटीवर घासपूस केली आणि प्रत्येक दोराला हात लावताना मला 'नवीन' हा शब्द आठवायचा.

करार संपला. साइन ऑफ झालो. आदल्या रात्री गावाच्या खोलीत आमचं बोलणं झालं होतं, फार नाही, दोन वाक्यांचं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे अंधेरीला गेलो. सारंगाच्या जागी आता कुणी नव्हतं, म्हणून मला पुढे ढकललं. 

"रजेवर जातो, साहेब," मी म्हणालो.

"या. तार करू."

"तेवढं लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"रजा. एवढाच शब्द. खाली सही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्यामागे कुणी हललं नाही. शिपाई चहा घेऊन आला, तो टेबलावर थंड होत गेला. साहेब एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, आमच्यातला कोण आधी डोळे खाली घालतो ते.

"तुम्हाला पुढची तार नको आहे का रे?" शेवटी त्यांनी विचारलं. आवाज अजून गोडच होता.

"हवीय, साहेब," मी म्हणालो. "घरी बसलेल्याला कोण तार करतं? रजेवरच्यालाच करतात. म्हणून तर म्हणतो, लिहा."

साहेबांनी लिहिलं नाही. आम्हीही हललो नाही.